अणूच्या आयकॉनसाठी गिम्प: रेखाटनात अडखळतं, बारीक मापांत कामाला येतं

गिम्प हे चित्र-संपादनाचं सॉफ्टवेअर मोफत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. २०२५मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीत फिल्टर लावल्यावरही बदलता येतात; आयकॉनच्या कामात त्याचा उपयोग बेताचाच. मध्ये केंद्रक आणि भोवती तीन लंबवर्तुळाकार कक्षा, ही विज्ञानाची ओळखीची खूण त्यात नीट काढता येते, पण आडवाटेने. लंबवर्तुळ थेट काढायचं टूल ३.०मध्येही नाही.

५१२ बाय ५१२ पिक्सेलचा पारदर्शक कॅनव्हास घ्या, ५० टक्क्यांवर आडवी आणि उभी गाइड (मापासाठीची मदतरेघ) टाका. इलिप्स सिलेक्टमध्ये ‘एक्स्पांड फ्रॉम सेंटर’ चालू करून छेदबिंदूपासून ४४० बाय १५०चं सिलेक्शन ओढा. इथे बरेच जण स्ट्रोक सिलेक्शन करून (म्हणजे त्याच्या कडेने रेघ ओढून) लेयरच, म्हणजे चित्राचा तो थरच, फिरवतात, आणि कडा बिघडतात. लेयर तिरका फिरला की पिक्सेल नव्याने मोजले जातात. फिरवलेलाच पुन्हा फिरवला तर धूसरपणा साचतो. त्यापेक्षा सिलेक्शनचा पाथ (पिक्सेलऐवजी गणिती वक्र म्हणून साठवलेली रेषा) करा, त्याच्या दोन प्रती काढा, रोटेट टूल ‘पाथ’वर ठेवून एक ६० आणि दुसरी उणे ६० अंशांनी फिरवा. मग सिलेक्शन काढून टाका (राहिलं तर रेघ त्याच्या आतच उमटते) आणि नव्या लेयरवर तिन्ही पाथना २४ पिक्सेलची रेघ द्या. रेघ पाथच्या दोन्ही बाजूंना १२-१२ पिक्सेल पसरते, म्हणजे कक्षेची रुंदी ४६४ भरते आणि कडेला २४ पिक्सेल मोकळे राहतात. केंद्रकाला ७२ पिक्सेल व्यास पुरे. खऱ्या अणूत ते अणूच्या साधारण एक लक्षांश असतं. त्या मापाने काढलं तर दिसायचंच नाही.

खरी परीक्षा बारीक मापांत. २४ पिक्सेलची रेघ ३२ बाय ३२ पिक्सेलच्या आयकॉनमध्ये दीड पिक्सेल होते, १६च्या आयकॉनमध्ये पाऊण. पाऊण पिक्सेल म्हणजे फिकट राखाडी, आणि तीन कक्षा मध्यभागी एकमेकींत मिसळून नुसता डाग. म्हणून १६चं चित्र लहान करून मिळवू नका. नव्या १६ बाय १६ कॅनव्हासवर एक पिक्सेलच्या पेन्सिलने दोनच कक्षा आणि २ बाय २चं केंद्रक हाताने काढा. ब्रश टूल नको, ते कडा मऊ करतं. ८०० टक्के झूम, ग्रिड चालू, आणि शेजारी ‘न्यू व्ह्यू’मध्ये तेच चित्र १०० टक्क्यांवर. या कामात गिम्पबद्दल तक्रारीला जागा नाही.

आयसीओ फाइलही (एकाच आयकॉनची अनेक मापं साठवणारी विंडोजची फाइल) थेट निघते, कारण एक्स्पोर्ट करताना प्रत्येक लेयर एक वेगळं माप धरला जातो. पण एका चित्राचे लेयर एकत्र करायचे राहिले, तर त्यातला प्रत्येक लेयर स्वतंत्र आयकॉन होऊन बसतो. १६, ३२, ४८ आणि २५६ची चित्रं आधी सपाट करा, पारदर्शकता राखून. त्यासाठी ‘मर्ज व्हिजिबल लेयर्स’ वापरा, ‘फ्लॅटन इमेज’ मागे पार्श्वभूमीचा रंग भरतं. मग ‘ओपन ॲज लेयर्स’ने एकत्र आणा आणि २५६च्या लेयरला पीएनजी कॉम्प्रेशन द्या.

आकृती वारंवार बदलणार असेल तर मूळ रेखाटन इंकस्केप या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एसव्हीजी (कुठल्याही मापात धारदार राहणारी वक्रांची फाइल) म्हणून करा. गिम्प एसव्हीजी उघडताना माप विचारतं, त्यामुळे ३२, ४८ आणि २५६ प्रत्येकी मूळ आकारावरूनच धारदार मिळतात.