आरओ, यूव्ही की नुसतं उकळून? घरच्या पिण्याच्या पाण्याचा हिशेब

विक्रेता घरी येतो आणि ओट्यावर काचेचे दोन ग्लास मांडतो. एकात तुमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या मशीनचं. दोन्हींत विजेच्या कांड्या बुडवतो आणि बटण दाबतो. मिनिटाभरात नळाचं पाणी तपकिरी होतं, वर गाळ तरंगायला लागतो. मशीनचं पाणी नितळ ते नितळच. "ताई, हे रोज पोरांना पाजताय तुम्ही!" एवढं म्हटलं की चेकबुक बाहेर येतं.

त्या कांड्यांपैकी एक लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड झिजून पाण्यात उतरतं. दिसतो तो गाळ त्या कांडीचाच गंज आहे. आरओच्या (बारीक पडद्यातून दाबाने पाणी गाळून क्षार काढणाऱ्या मशीनच्या) पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून वीज धड वाहत नाही आणि गंजही सुटत नाही. खात्री करायची असेल तर त्या 'शुद्ध' ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि पुन्हा बटण दाबायला सांगा. बघा त्याचा चेहरा.

तर मशीन कोणतं, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, तुमच्याकडे पाणी येतं कुठून? माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायला नको. महापालिकेचं, धरणावरून शुद्धीकरण केंद्रातून येणारं पाणी असेल तर आरओ घेऊ नका. यूव्ही (अतिनील दिव्याचं मशीन) किंवा उकळणं पुरतं. बोअर, खाजगी विहीर किंवा टँकर असेल तर आधी पाणी तपासा. बऱ्याच ठिकाणी मग आरओला पर्याय उरत नाही.

टीडीएस नावाचा बागुलबुवा

पेनासारखं मीटर पाण्यात बुडवलं की आकडा दिसतो, आणि तो आकडा दाखवून अर्धा महाराष्ट्र आरओवर गेला. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस 10500) त्याची इष्ट मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतलेलं आहे. भातसा-तानसा-वैतरणेचं मुंबईचं पाणी किंवा खडकवासल्याचं पुण्याचं पाणी या 500 च्या बरंच खाली असतं. 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने टीडीएस 500 पेक्षा कमी असेल तिथे आरओवर बंदी घाला असं पर्यावरण मंत्रालयाला सांगितलं होतं, ते याचसाठी. चांगलं पाणी गाळायचं, त्यातला मोठा हिस्सा गटारात सोडायचा आणि उरलेल्यात पुन्हा 'मिनरल' टाकायचे, हा उद्योग शहाणपणाचा नाही.

शिवाय ते मीटर जंतू दाखवत नाही. ते फक्त पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतं. सांडपाणी मिसळलेल्या पाण्याचा आकडा 150 येऊ शकतो आणि एखाद्या उत्तम विहिरीच्या पाण्याचा 450. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या पट्ट्यात गुलेन बारी सिंड्रोमचे (हातपाय लुळे पाडणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण एकदम वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा जिवाणू आणि नोरोव्हायरस हा विषाणू सापडले आणि संशय पाण्यावर गेला. तिथे भीती जंतूंची होती. क्षारांचा त्यात काही संबंध नव्हता.

नळाचं पाणी असेल तर

नळाच्या पाण्यात बिघाड होतो तो बहुतेक वाटेत. केंद्रातून निघताना त्यात क्लोरीन असतं. मग जुनी पाइपलाइन, शेजारून जाणारं गटार, बंद-चालू होणारा दाब, आणि शेवटी सोसायटीची टाकी. म्हणजे आपल्याला मारायचे आहेत ते जंतू. त्यासाठी तीन मार्ग आहेत.

उकळणं सगळ्यांत भरवशाचं. खळखळून उकळी आली आणि मिनिटभर टिकली की जिवाणू, विषाणू, अमीबाच्या गाठी, सगळं संपतं. फक्त गाळणं आधी, उकळणं नंतर. अनेक घरांत उकळलेलं पाणी गार झाल्यावर ओट्यावरच्याच फडक्यातून गाळतात, म्हणजे आधीची मेहनत पाण्यात. ज्या भांड्यात उकळलं त्यातच झाकून ठेवावं. पातेल्याच्या बुडाशी पांढरा थर जमतो तो कॅल्शियमचा, त्याला घाबरू नये. थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचं पाणी टाकून उकळलं की निघतो.

आता खर्च. चौघांच्या घराला पिण्यासाठी आणि वरच्या स्वयंपाकाला दिवसाला दहा लिटर धरा. तेवढं पाणी उकळायला साध्या शेगडीवर शंभर-सव्वाशे ग्रॅम गॅस जातो. महिन्याचा साडेतीन किलो, म्हणजे 14.2 किलोच्या सिलिंडरचा पाव हिस्सा. 'उकळणं फुकटात होतं' असं म्हणणाऱ्यांनी हा पाव सिलिंडर मोजलेला नसतो. आणि तो जळतो म्हणजे कार्बनही सुटतो, तेव्हा उकळणं हा सगळ्यांत पर्यावरणपूरक उपाय आहे असंही म्हणता येत नाही. पावसाळ्याचे चार महिने उकळून, एरवी दुसरं काही, असा मध्यममार्ग बरीच घरं काढतात. मला तो पटतो.

यूव्ही मशीनमध्ये अतिनील किरणांचा दिवा असतो. पाणी त्याच्या जवळून जातं आणि जंतूंचा बंदोबस्त होतो. वीज नावापुरती लागते, पाणी वाया जात नाही, चवही तीच राहते. अडचणी दोन. पाणी गढूळ असेल तर मातीच्या कणांच्या आड जंतू लपतात, म्हणून आधी गाळणारी कार्ट्रिज स्वच्छ हवी. जुलैमध्ये ती दोन महिन्यांतच चहासारखी दिसायला लागते. दुसरी, दिवा पेटलेला दिसतो पण वर्षभराने त्याची ताकद घटलेली असते. तो वेळेवर बदलणं सक्तीचं. वीज गेली की मशीन ठप्प, आणि यूव्हीचं पाणी साठवलं तर त्यात पुढे संरक्षण करणारं काही नसतं. रोजच्या रोज भरून संपवलेलं बरं.

तिसरा मार्ग म्हणजे विजेविना चालणारे गाळणीचे फिल्टर. स्टीलच्या दोन डब्यांचा मेणबत्तीसारख्या चिनी मातीच्या कँडलचा जुना फिल्टर अजून मिळतो, आणि नव्या जातीचा यूएफ (अल्ट्राफिल्ट्रेशन, म्हणजे अतिबारीक छिद्रांच्या) पडद्याचाही. जिवाणू आणि अमीबाच्या गाठी हे अडवतात. विषाणू इतके बारीक की कँडलमधून सहज निसटतात. काविळीचे विषाणू (हिपॅटायटिस ए आणि ई) पाण्यातूनच येतात हे लक्षात घ्या. म्हणून गावात काविळीची साथ असेल तेव्हा कँडलवर भिस्त ठेवू नका, उकळा. कँडल मऊ ब्रशने, नुसत्या पाण्याखाली घासायची. साबण नको, चव धरतो.

एकच निवडायचं झालं तर? लाइट फारशी जात नसेल तर यूव्ही. जात असेल, किंवा मशीनच्या सर्व्हिसिंगची कटकट नको असेल तर उकळणं.

बोअर, विहीर, टँकर

इथे चित्र पालटतं. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा (अकोला, अमरावती, बुलढाणा) ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. तिथल्या विहिरीच्या पाण्याने डाळ शिजत नाही, चहा फाटतो. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. ते दातांवर तपकिरी पट्टे आणतं आणि वर्षानुवर्षं प्यायलं तर हाडं आखडतात. शेतीच्या भागात खताचं नायट्रेट विहिरीत उतरतं. मानकात फ्लोराइडची इष्ट मर्यादा लिटरला 1 मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दीड. नायट्रेटची 45, आणि तिथे सवलत नाही.

या दोन्हींवर उकळणं हा उपाय नाही. उलट नुकसान होतं. पाणी आटतं, फ्लोराइड-नायट्रेट तेवढंच राहतं, म्हणजे प्रमाण वाढतं. यूव्हीचाही काही उपयोग नाही. इथे आरओच हवा, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरच्या दुधासाठी नायट्रेटचं पाणी वापरू नये, कारण त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकदच घटते.

पण आरओ घेताना दोन गोष्टी दुकानात कोणी सांगत नाही. एक, साध्या घरगुती मशीनमध्ये एक लिटर पाणी मिळतं तेव्हा साधारण तीन लिटर टाकाऊ नळीतून जातं. ते बादलीत धरून लादी पुसायला, संडासात, गाडी धुवायला वापरा. कुंड्यांना मात्र नको. क्षार दाट झालेले असतात, चार-सहा महिन्यांत पानांच्या कडा करपतात. दुसरी, 'टीडीएस कंट्रोलर' नावाचा छोटा व्हॉल्व्ह. चव बरी लागावी म्हणून तो न गाळलेलं पाणी थोडं गाळलेल्यात मिसळतो. पाण्यात फ्लोराइड असेल तर तेही परत आत येतं. फ्लोराइड-नायट्रेटसाठी आरओ घेतला असेल तर तो व्हॉल्व्ह बंद ठेवायला लावा. मग चव सपक लागेल, ती चालवून घ्या. कॅल्शियम आपल्याला दूध, नाचणी, पालेभाज्यांतून मिळतं.

किमती ढोबळ सांगायच्या तर आरओ दहा ते वीस हजार आणि वर्षाला तीन-पाच हजारांची देखभाल. यूव्ही त्यापेक्षा निम्म्या खर्चात. कँडलचा स्टील फिल्टर दोन-तीन हजारांत, पुढे फक्त कँडल. आरओच्या वापरलेल्या कार्ट्रिज आणि पडदे सहसा कचऱ्यातच जातात. पर्यावरणाचा विचार करून निवड करणाऱ्यांनी हा ढिगाराही हिशेबात धरावा.

माठ, तांबं, तुरटी

माठ पाणी गार करतो, शुद्ध करत नाही. मातीतून झिरपलेल्या पाण्याची वाफ होताना गारवा मिळतो; विदर्भाच्या कोरड्या उन्हात तो झकास, मुंबईच्या दमट मे महिन्यात जेमतेम. फ्रीजला उत्तम पर्याय, पण आत ओतायचं ते आधीच शुद्ध केलेलं पाणी. हात बुडवून पेला भरायची सवय असेल तर तोटीचा माठ घ्या, नाहीतर लांब दांड्याचं ओगराळं ठेवा. आठवड्याला रिकामा करून घासा. बुडाशी बोट फिरवल्यावर बुळबुळीत लागलं तर उशीर झालाय.

तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातले जिवाणू कमी होतात, हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. अगदीच थोतांड नाही. पण त्यासाठी बारा-सोळा तास लागतात, भांडं आतून लखलखीत घासलेलं हवं, आणि गढूळ पाण्यावर ते चालत नाही. साथीच्या काळात फक्त तांब्यावर विसंबू नये. तांब्यात लिंबूपाणी, ताक अजिबात नको.

तुरटी फिरवली किंवा निवळीची बी उगाळली की गढूळपणा तळाला बसतो, जंतू मरत नाहीत. पूर्वतयारी म्हणून छान.

सुती लुगड्याचं चौपदरी कापड बांधून गाळणं मात्र वाटतं तितकं क्षुल्लक नाही. बांगलादेशातल्या खेड्यांत जुन्या साडीच्या घड्यांतून पाणी गाळल्यावर पटकीचे रुग्ण जवळपास निम्मे झाल्याचं 2003 मध्ये प्रसिद्ध झालं, कारण पटकीचे जंतू ज्या सूक्ष्म जलजीवांना चिकटतात ते कापडात अडकतात. दुसऱ्या आजारांना ते लागू नाही.

जारचं पाणी

वीस लिटरच्या थंड जारबद्दल थोडक्यात. सील नाही, एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना क्रमांक नाही, तर ते 'मिनरल वॉटर' समजू नका. बहुधा कुणाच्या तरी बोअरचं गार केलेलं पाणी असतं. गावातल्या पाणी एटीएमचं पाणी बहुधा आरओचंच असतं, पण त्या यंत्राचा पडदा शेवटचा कधी बदलला हे विचारल्याशिवाय डोळे झाकून घेऊ नका.

तपासायचं कुठे

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत पाणी तपासून मिळतं. शुल्क एका कार्ट्रिजच्या किमतीहून बरंच कमी पडतं. टीडीएस, फ्लोराइड, नायट्रेट, कठीणपणा एवढं तरी बघा. जंतूंसाठी एच टू एस बाटली सोपी: खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं, एक-दोन दिवस उबदार जागी ठेवायचं. पाणी काळं पडलं की विष्ठेचं प्रदूषण आहे असं समजायचं. गावात राहत असाल तर ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे क्लोरीन तपासायच्या ओ.टी. टेस्टचं सामान असतं. नळाचं पाणी पिवळं झालं तर क्लोरीन पोचतंय. तुमच्या स्रोताला हिरवं, पिवळं की लाल कार्ड (पाणी दूषित होण्याचा धोका किती ते सांगणारं) मिळालंय, हेही तिथेच विचारा. आणि सोसायटीत राहणाऱ्यांनी मशीनवर पंधरा हजार घालण्याआधी वरच्या टाकीचं झाकण एकदा उघडून बघावं. कबुतरांची पिसं तरंगत असतील तर ते पंधरा हजार नंतर.

घरात तान्हं बाळ किंवा केमोथेरपीचा रुग्ण असेल तर जंतूंसाठी कोणत्याही मशीनवर न थांबता वरून उकळाच. मात्र नायट्रेट-फ्लोराइडचं पाणी असेल तर आधी आरओ, मग उकळणं.

मशीन घेतलंच, तर वार्षिक करारावर सही करण्याआधी त्यात पडदा आणि दिवा धरलाय का ते वाचा. बऱ्याच करारांत फक्त बाहेरची कार्ट्रिज असते. सर्व्हिसवाला भाग बदलून गेला की जुना भाग मागून ठेवा आणि बदललेली तारीख मशीनच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. पुढच्या वेळी तो "मॅडम, पडदा खराब झालाय" म्हणाला की झाकण उघडून तारीख दाखवता येते.