लँडलाइनचं ब्रॉडबँड सोडून फायबर घ्यावं का?

गावच्या घरी तांब्याच्या तारेवरचं ब्रॉडबँड अजून चालू आहे आणि समोरच्या खांबावरून फायबर गेलंय, अशी घरं कोकणात बरीच आहेत. आई-वडील तिथे, मुलं पुण्या-मुंबईला. माझं मत सरळ आहे: बदला. मात्र वेगाचा आकडा बघून ठरवू नका. वीज गेल्यावर काय होईल आणि लाइन तुटल्यावर कोण येईल, हे आधी विचारा.

वेगाचा निकाल चटकन लागतो. तांब्याच्या तारेवरचं ब्रॉडबँड ज्या तंत्रावर चालतं, त्या एडीएसएल-२ प्लसचा कमाल वेग २४ एमबीपीएस, तोही टेलिफोन एक्सचेंजजवळ राहणाऱ्याला. वाडी तीन-चार किलोमीटर आत असेल तर त्याचा तिसरा हिस्सा मिळाला तरी पुष्कळ. फायबरमध्ये सिग्नल २० किलोमीटरपर्यंत नीट पोचतो, त्यामुळे ३० चा प्लॅन घेतला तर ३० च्या आसपास मिळतो. खरा फरक अपलोडचा. तांब्यावर तो जेमतेम १ एमबीपीएस असतो. म्हणून व्हिडिओ कॉलवर आईला नातवंडं स्वच्छ दिसतात, पण इकडे आईचा चेहरा सारखा अडकतो. फायबरवर हे दुखणं जातं, आणि माझ्या दृष्टीने बदलायला एवढं कारण पुरेसं आहे.

पावसाचं म्हणाल तर तांब्याच्या जोडात पाणी शिरलं की खरखर सुरू, आणि मृगाच्या गडगडाटात मोडेम जळायची धास्ती. फायबरच्या काचेतून वीज वाहत नाही, त्यामुळे त्या वाटेने घरात झटका येत नाही. अ‍ॅडॅप्टरमधून येऊ शकतो. गडगडू लागलं की प्लग काढायची सवय सोडू नका.

आता वीज. तांब्याच्या लँडलाइनला एक्सचेंजमधूनच ४८ व्होल्टचा पुरवठा असतो. घरात अंधार असला तरी साधा फोन चालतो, डॉक्टरांना लावता येतो. फायबरवर फोनही ओएनटीच्या, म्हणजे फायबरची वायर घरात जिथे जोडतात त्या विजेवरच्या डब्यातून चालतो. लाइट गेली की इंटरनेट आणि फोन दोन्ही बंद. ज्या घरात मोबाइलला रेंज नाही, तिथे हा मोठा तोटा आहे. उपाय स्वस्त आहे: राउटरसाठी मिळणारा छोटा डीसी यूपीएस, म्हणजे बॅटरीचा डबा. बहुतेक डबे १२ व्होल्टचे असतात, तरी अ‍ॅडॅप्टरवरचा आकडा वाचूनच घ्या. वयस्कर माणसांच्या घरी तो पहिल्याच दिवशी लावा.

दुरुस्तीत तांबं अधिक सोशिक. खराब लाइनसुद्धा रडतखडत चालते. फायबर तुटलं की डब्यावरचा एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लुकलुकतो आणि सगळं ठप्प. रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली तर जोडायला स्प्लायसिंग मशीन (फायबरची टोकं वितळवून जोडणारं यंत्र) असलेला माणूसच लागतो. म्हणून कंपनीच्या नावापेक्षा तुमच्या भागातला माणूस कोण, हे शेजाऱ्याला विचारा. गेल्या पावसाळ्यात तो किती दिवसांनी आला, हेही विचारा.

जोडणी करायला आला की त्याला पॉवर मीटर, म्हणजे फायबरमधल्या सिग्नलचा जोर डीबीएममध्ये मोजणारं यंत्र, लावून दाखवायला सांगा. उणे आकडा जितका मोठा, तितका सिग्नल कमजोर. उणे १८ ते उणे २४ डीबीएम असेल तर निर्धास्त राहा. उणे २७ म्हणजे अगदी काठावर: आज चालेल, उद्या वायर कोपऱ्यात जरा जास्त वाकली की बंद. तेव्हाच जोड पुन्हा करून घ्या. वायर खिळ्याला गुंडाळून किंवा दाराच्या फटीत चेपून नेऊ देऊ नका.

पैशाचं थोडक्यात: जाहिरातीतल्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी धरा, ३९९ चा प्लॅन ४७१ ला पडतो. आणि एअरफायबर म्हणून जे विकतात, त्यात घरापर्यंत तार येत नाही, हवेतून सिग्नल येतो, बहुधा 5जीचा. टॉवर जवळ असेल तर ते चांगलं चालतं, पण फायबर आहे असं समजून ते विकत घेऊ नका.

राहिला जुना नंबर. त्याच कंपनीचं फायबर घेतलं तर तो बहुधा फायबरवर हलवून मिळतो. अर्ज करतानाच तसं लिहून द्या. कंपनी बदलणार असाल तर मोबाइलसारखं पोर्टिंग लँडलाइनला नाही. बँक, गॅस एजन्सी, दवाखाना, सगळीकडे नवा नंबर देऊन होईपर्यंत जुनी लाइन चालू ठेवा. मग ती बंद करायचा अर्ज द्या, मोडेम परत केल्याची पावती घ्या आणि डिपॉझिट मागून घ्या.