कर्नल सुरू होताना अनअलाइन्ड ॲक्सेस: पत्त्यावरून शोधायचं की यूबीसॅन लावायचं?

स्पार्क६४ या प्रोसेसरवर लिनक्स बूट होताना लॉगमध्ये 'कर्नल अनअलाइन्ड ॲक्सेस ॲट टीपीसी' अशा ओळी आल्या, तरी मशीन बहुधा चालू राहतं. ८ बाइटचं वाचन ८ने भाग न जाणाऱ्या पत्त्यावर झालं (हाच अनअलाइन्ड ॲक्सेस) की प्रोसेसर ट्रॅप देतो, म्हणजे काम थांबवून कर्नलला बोलावतो, आणि कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) ते काम सॉफ्टवेअरमध्ये उरकतो. प्रत्येक वेळी हा वळसा पडतो, म्हणून मूळ शोधायलाच हवं.

शोधायच्या वाटा दोन: लॉगमधला टीपीसी, म्हणजे अडलेल्या सूचनेचा पत्ता; किंवा यूबीसॅन, म्हणजे कोड चालताना त्यातल्या चुका पकडणारी कंपायलरची तपासणी. माझं मत स्पष्ट आहे: आधी पत्ता. ओळीत फंक्शनचं नाव, ऑफसेट (फंक्शनच्या सुरुवातीपासूनचं अंतर) आणि फंक्शनची लांबी आयती मिळते. कर्नलच्या स्क्रिप्ट्समधल्या 'एफॲडर२लाइन'ला ती आणि डीबग इन्फो असलेली व्हीएमलिनक्स (बिल्ड झालेल्या कर्नलची) फाइल दिली की सोर्समधली ओळ समोर येते. लांबी जुळली नाही तर स्क्रिप्ट तसं सांगते. म्हणजे फाइल दुसऱ्याच बिल्डची आहे. पुन्हा बिल्ड करायला नको, बूटही करायला नको. मात्र हे संदेश रेटलिमिट होऊन, म्हणजे ठरावीक वेळात मोजकेच, छापले जातात, त्यामुळे ओळी मोजून किती वेळा घडलं ते कळत नाही.

यूबीसॅनचा अलाइनमेंट पर्याय लावायचा तर कर्नल नव्याने बिल्ड करावा लागतो आणि तो जड होतो. बदल्यात फाइल, ओळ, डेटाचा टाइप आणि किती बाइटचं अलाइनमेंट (पत्ता कितीच्या पटीत) हवं होतं, हे सगळं थेट मिळतं. एक्स८६वर असं वाचन हार्डवेअरच निभावतं, ट्रॅप येतच नाही. तिथे पहिली वाट बंद. पण तिथेच यूबीसॅन खोट्या तक्रारींचा ढीगही लावतो. तेव्हा मूळ हार्डवेअर हाताशी नसेल तरच त्याच्याकडे वळा.

पत्त्याने दाखवलेली ओळ निर्दोषही असू शकते. इथरनेट हेडर १४ बाइटचा. ड्रायव्हरने बफरच्या सुरुवातीला २ बाइट मोकळे सोडले नाहीत, तर आयपी हेडर ४च्या पटीत बसत नाही. रूट फाइलसिस्टीम नेटवर्कवरून घेणाऱ्या मशीनवर पहिलं पॅकेट बूटमध्येच येतं आणि ठपका बसतो आयपीच्या कोडवर. अशा वेळी स्टॅक ट्रेस (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं याची यादी) काढून खाली ड्रायव्हरपर्यंत वाचा. आयपीच्या कोडमध्ये 'गेट_अनअलाइन्ड' (कुठल्याही पत्त्यावरून सुरक्षित वाचणारा कर्नलचा मॅक्रो) पेरत बसू नका, ड्रायव्हरच दुरुस्त करा. डिस्कवरच्या किंवा प्रोटोकॉलच्या ठरलेल्या मांडणीत फील्डच अनअलाइन्ड पत्त्यावर बसलं असेल, तेव्हा मात्र 'गेट_अनअलाइन्ड' हाच योग्य उपाय. अख्ख्या स्ट्रक्चरला 'पॅक्ड' केलं (फील्डांमध्ये मोकळी जागा सोडू नको, असं कंपायलरला सांगितलं), तर सरळ बसलेली फील्डंही सावकाश वाचली जातात.