होम व्हिजिट करणाऱ्यांसाठी फास्टमेल: ईमेल आणि कॅलेंडर हलवल्यानंतरचे चार महिने

मी फिजिओथेरपिस्ट आहे, मुलुंडला राहते, क्लिनिक नाही, फक्त होम व्हिजिट. दिवसाला पाच-सहा पेशंट, भांडुप, घाटकोपर, माटुंगा आणि आठवड्यातून दोनदा गिरगाव. चार महिन्यांपूर्वी ईमेल आणि कॅलेंडर दोन्ही फास्टमेल या पैसे भरून वापरायच्या ईमेल सेवेवर हलवलं, त्याबद्दल लिहितेय, कारण माझ्यासारखं दारोदार फिरून वेळेवर काम करणारे बरेच जण आहेत आणि कॅलेंडरचा विचार आपण सगळ्यात शेवटी करतो.

आधी का बदललं ते सांगते. माझं स्वतःचं डोमेन आहे, म्हणजे पत्त्यात @ नंतर माझंच नाव, तोच ईमेल पत्ता सात वर्षं कार्डावर छापलाय, मेलबॉक्स होस्टिंग कंपनीने डोमेनसोबत फुकट दिलेला, नाव घेत नाही. मेल फोनवर पॉप३ ने यायचा, म्हणजे फोनवर वाचलेला लॅपटॉपवर परत न वाचलेलाच, ते मी चालवून घेत होते. कॅलेंडर वेगळ्याच एका ॲपने लॅपटॉप आणि फोनमधे सिंक व्हायचं आणि ते ॲप कधीतरी गुपचूप बंद पडलं, एरर नाही, नोटिफिकेशन नाही, काही नाही.

गिरगावच्या एका आजींचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. त्यांची पाचची वेळ मी तीनची केली, लॅपटॉपवर बदलली, त्यांच्या घरी फोन करून सांगितलं आणि विसरून गेले, कारण लक्षात ठेवायला कॅलेंडर आहे ना. फोनवर पाचच दिसत राहिलं. वाट बघून सूनबाईंनी साडेचारला फोन केला तेव्हा मी दादरहून भुयारी मेट्रो तीनमधे, खाली नेटवर्क नाही. पाचला दार उघडून त्या म्हणाल्या, "मॅडम, आई अडीचलाच गोळी घेऊन बसल्यात." व्यायामाच्या अर्धा तास आधी दुखण्याची गोळी घ्या हे मीच सांगितलेलं. आजी खुर्चीत, वॉकर समोर ओढून ठेवलेला, गोळीचा असर ओसरत आलेला. गुडघा वाकवताना त्यांनी खुर्चीचा हात इतका घट्ट धरला की बोटं पांढरी पडली, आणि मला एवढंच म्हणाल्या, "उशीर होणार होता तर फोन करायचास गं." परतताना ॲपच्या सेटिंगमधे शोधलं तर शेवटचं सिंक अकरा दिवसांपूर्वीचं! अकरा दिवस मी जुन्या कॅलेंडरवर मुंबईभर फिरत होते, त्यात बाकी कुणाची वेळ बदलली नव्हती हे नशीब.

मग पर्याय बघितले. गूगलचं फुकटवालं स्वतःच्या डोमेनला चालत नाही, त्याला पैसे भरून वर्कस्पेस घ्यावं लागतं. प्रोटॉन स्वित्झर्लंडचं, एन्क्रिप्शनच्या बाबतीत त्याचं नाव चांगलं आहे पण त्यांचं कॅलेंडर कॅलडॅव्ह (कॅलेंडर सिंक करायची सगळीकडे चालणारी पद्धत) बोलत नाही, म्हणजे फोनच्या नेहमीच्या कॅलेंडर ॲपमधे जोडता येत नाही आणि मला नेमकं तेच हवं होतं. झोहो आपलं चेन्नईचं, बिल रुपयात, बजेट कमी असेल तर आधी तिकडे बघा, फक्त फुकट प्लॅनमधे आयमॅप (मेल सर्व्हरवरच ठेवून सगळ्या फोन-लॅपटॉपवर सारखा दाखवायची पद्धत) मिळत नाही हे धरून चला. शेवटी फास्टमेल घेतलं. मेलबर्नची कंपनी, १९९९ पासून आहे, २०१० मधे ब्राउझरवाल्या ऑपेराने विकत घेतली होती आणि २०१३ मधे तिथल्याच लोकांनी परत घेतली. जाहिराती नाहीत, पैसे आपण देतो आणि मेल हाच त्यांचा धंदा, हे मला पटलं. ३० दिवस ट्रायल मिळते, कायमचा फुकट प्लॅन नाही, बिल डॉलरमधे येतं त्यामुळे कार्डवर इंटरनॅशनल व्यवहार चालू करून ठेवा.

हलवायचं काम मी मेगाब्लॉकच्या रविवारी काढलं, त्या दिवशी तसंही व्हिजिट ठेवत नाही. शुक्रवारी रात्रीच डीएनएसमधे (डोमेनची नोंदवही) एमएक्स रेकॉर्डचा (मेल कुठल्या सर्व्हरवर जायचा ती नोंद) टीटीएल, म्हणजे ती नोंद बाकीचे सर्व्हर किती सेकंद लक्षात ठेवतात तो आकडा, ८६४०० चा ३०० केला, म्हणजे एक दिवसाचा पाच मिनिटं, हे आधी केलं नाही तर बदल केल्यावरही दिवसभर काही मेल जुन्या घरी जात राहतात. मग फास्टमेलचे दोन एमएक्स टाकले, प्रायॉरिटी १० आणि २०, जुने काढले, डीकेआयएमचे तीन सीनेम (मेल खरंच आपल्या डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या सहीच्या नोंदी) टाकले. एसपीएफला (आपल्या डोमेनच्या नावाने मेल कोण पाठवू शकतं ती नोंद) अडकले. जुनी ओळ तशीच ठेवून नवी खाली जोडली, आणि एका डोमेनला एसपीएफ एकच चालतो, दोन असले की दोन्ही बाद. माझ्यासोबत काम करणाऱ्या पार्टनरला पाठवलेला टेस्ट मेल सरळ स्पॅममधे. जुनी ओळ उडवल्यावर ठीक झालं. हॉस्पिटलमधून पेशंट पाठवणारे डॉक्टर स्पॅम उघडून बघत नाहीत हो, त्यामुळे पहिल्या दिवशी जीमेलच्या पत्त्यावर एक टेस्ट मेल पाठवून बघाच.

जुने मेल आणायचं त्यामानाने सोपं, जुन्या सर्व्हरचा आयमॅप पत्ता आणि पासवर्ड द्यायचा, फास्टमेलवाले त्यांच्या सर्व्हरवरून परस्पर ओढून घेतात, लॅपटॉप बंद करून झोपलं तरी चालतं. माझ्या फोनच्या पॉप३ मधे 'सर्व्हरवर कॉपी ठेवा' टिक केलेलं होतं म्हणून ओढायला काहीतरी शिल्लक होतं, तुमचं आधी तपासा.

कॅलेंडरने मात्र घाम काढला. जुन्या ॲपमधून आयसीएस फाइल (सगळ्या कॅलेंडर नोंदींची एक फाइल) काढली, इथे इम्पोर्ट केली आणि चारच्या सगळ्या व्हिजिट सकाळी साडेदहाला दिसायला लागल्या. साडेपाच तासांचा फरक बघितल्यावर कळलं, जुन्या ॲपने वेळ ग्रीनिचची लिहिलेली पण तसं फाइलमधे नमूदच केलं नव्हतं. एक एक व्हिजिट उघडून बसण्यापेक्षा भावाला बोलावलं, त्याने फाइलमधेच दुरुस्ती केली आणि मी परत इम्पोर्ट केलं. फास्टमेलच्या सेटिंगमधे टाइमझोन आशिया/कोलकाता आहे ना तेही बघून घ्या. दर मंगळवार-शुक्रवारसारख्या रिपीट होणाऱ्या व्हिजिट मी एक एक करून वहीशी ताडून बघितल्या, दीड तास गेला, पण तो घालवा. इम्पोर्ट झालं म्हणून तपासलं नाही आणि कुणीतरी परत गोळी घेऊन बसलं तर काय उपयोग.

फोनबद्दल. आयफोनमधे कॅलडॅव्ह आतच असतं, अकाउंट जोडलं की झालं. अँड्रॉइडमधे नसतं, म्हणून डॅव्हएक्स फाइव्ह नावाचं ॲप लागतं, प्ले स्टोअरवर विकत, एफ-ड्रॉइड या दुसऱ्या ॲप स्टोअरवर फुकट. त्यात फास्टमेलचा नेहमीचा पासवर्ड चालत नाही, वेबसाइटवर जाऊन त्या फोनपुरता ॲप पासवर्ड बनवायचा, फोन हरवला तर तेवढाच रद्द करता येतो, लोकलच्या गर्दीत हे फार महत्त्वाचं. सिंक दर १५ मिनिटांनी ठेवलंय. आणि बॅटरी ऑप्टिमायझेशनमधून हे ॲप आवर्जून वगळा, नाहीतर फोनच त्याला झोपवून टाकतो आणि मग पुन्हा तेच अकरा दिवस.

चार महिन्यांत एकही व्हिजिट चुकलेली नाही. सगळ्या व्हिजिटची प्रत फोनमधेच असते त्यामुळे मेट्रोत खाली नेटवर्क गेलं तरी पुढचा पत्ता दिसतो. पार्टनरला त्याच अकाउंटमधे दुसरा यूजर घेऊन दिला, पैसे वेगळे पडतात, पण तिचं कॅलेंडर हिरवं आणि माझं निळं एकाच स्क्रीनवर दिसतं. माझ्या आईला बरं नव्हतं तेव्हा घाटकोपरचे दोन पेशंट पार्टनरने न विचारता उचलले, मोकळी वेळ समोर दिसत होती म्हणून.

एक गोष्ट लक्षात ठेवून वापरा, फास्टमेल एंड टू एंड एन्क्रिप्टेड नाही, म्हणजे मजकूर कंपनीलाही वाचता येऊ शकतो. त्यामुळे कॅलेंडरमधे मी पेशंटचं पूर्ण नाव आणि आजार लिहीत नाही, आद्याक्षर, एरिया, मजला, लिफ्ट आहे की नाही, एवढंच. आपल्याकडे २०२३ मधे डेटा प्रोटेक्शनचा कायदा झाला तो सोडा, आजींच्या गुडघ्याची माहिती त्यांची आहे, ती मी कुठेही कशी टाकू.

जुना मेलबॉक्स अजून बंद केला नाहीये. आठवड्यातून एकदा उघडून बघते, दीड महिना झाला त्यात नवीन काही आलेलं नाही, या महिनाअखेर बंद करणार.