टायरमध्ये नायट्रोजन: सहा महिन्यांचा अनुभव आणि पैशांचा हिशेब

गेल्या ऑक्टोबरात नाशिकमध्ये गाडीचे चारही टायर बदलले, तेव्हा दुकानदाराने बिलात नायट्रोजनचे २०० रुपये न विचारताच धरले होते. विचारल्यावर त्याने तीन फायदे एका दमात सांगितले: टायर तापत नाही, फुटत नाही आणि मायलेज वाढते. मी त्याला दोनच टायरांत नायट्रोजन भरायला सांगितले, पुढच्या डाव्या आणि मागच्या उजव्या. उरलेल्या दोघांत साधी हवा. दुकानात असे गिऱ्हाईक बहुधा पहिलेच असावे, पण त्याने तक्रार न करता १०० रुपये कमी केले. चारही टायरांत मुद्दाम ३५ पॉइंटचा (पॉइंट म्हणजे पीएसआय, दाबाचे एकक) दाब ठेवला, म्हणजे दरवाज्याच्या चौकटीवरील तक्त्यात दिलेल्या ३३ पेक्षा दोन जास्त, कारण पुढचे सहा महिने त्यांत काहीही भरायचे नाही असे ठरवले होते.

या सेवेविषयी लिहिताना आधी हे सांगायला हवे की आपण श्वासात घेतो त्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन आणि सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो. म्हणजे साध्या हवेचा टायर हा तीन-चतुर्थांशाहून अधिक नायट्रोजनचाच टायर असतो आणि पैसे द्यायचे ते उरलेला ऑक्सिजन बाहेर काढण्याचे. हे काम दुकानातले यंत्र करते: बाहेरचीच हवा दाबाखाली गाळून ते ऑक्सिजन व बाष्प बरेचसे वेगळे करते आणि साधारण ९५ टक्के किंवा त्याहून शुद्ध नायट्रोजन पुढे नळीत सोडते. बाहेरून सिलिंडर आणावा लागत नाही, आणि दुकानदाराचा खर्च प्रामुख्याने विजेचा असतो.

मात्र यंत्रातून ९५ टक्के निघाले म्हणजे टायरात ९५ टक्के पोहोचले असे नव्हे. टायर पूर्ण सोडला तरी त्यात बाहेरच्या दाबाइतकी हवा उरतेच. त्यावर ३३ पॉइंटपर्यंत ९५ टक्क्यांचा नायट्रोजन भरला, तर गणिताने टायरात सुमारे १० टक्के ऑक्सिजन राहतो. पुन्हा एकदा सोडून भरला तर तो साडेसहा टक्क्यांपर्यंत येतो. म्हणूनच जाणकार टायरवाले दोनदा, कधी तीनदा भरून सोडतात. माझ्या दुकानदाराने व्हॉल्व्हची सुई काढून दोनदा टायर रिकामा केला, प्रत्येक वेळी यंत्राची शिट्टी वाजेपर्यंत थांबला आणि शेवटी व्हॉल्व्हवर नायट्रोजनची खूण म्हणून हिरवी टोपी बसवली. दोन टायरांना मिळून पंधरा मिनिटे गेली. १०० रुपयांत एवढे काम झाले, हे त्याच्या बाजूने नोंदवायलाच हवे.

त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी, गाडी चालू करण्याआधी, मी डिजिटल गेजने चारही दाब घेत गेलो. जानेवारीत नाशिकची सकाळ कडाक्याची होती आणि चारही टायर दोन पॉइंटांहून थोडे अधिक खाली दिसत होते. नायट्रोजनच्या टायरांचा दाब थंडीने हलत नाही, ही सर्रास ऐकू येणारी समजूत तिथेच गळून पडली. बंद जागेतल्या कोणत्याही कोरड्या वायूचा दाब तापमानाबरोबर जवळपास सारखाच वरखाली होतो. कारच्या टायरात दर दहा अंशांना साधारण दीड पॉइंट. यात नायट्रोजन काही वेगळा वागत नाही. वेगळी वागते ती ओलसर हवा, कारण तिच्यातले पाणी तापल्यावर वाफ होऊन दाबात भर घालते. कोकणात पावसाळ्यात ज्या पंपावर कॉम्प्रेसरच्या टाकीचे पाणी कित्येक दिवस काढलेले नसते, तिथे भरलेल्या हवेबरोबर टायरात थोडे पाणीही जाते, आणि पोलादी रिम आतून गंजायला तेवढे पुरते. त्यावर कोरडी हवा हाही तितकाच चांगला उपाय आहे. नायट्रोजनचे यंत्र वायू कोरडा करून देते, हा त्याचा खरा आणि सहसा न सांगितला जाणारा गुण आहे.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी, ऑक्टोबरातल्याइतक्याच तापमानाला, नायट्रोजनची जोडी ३४ च्या जरा खाली होती आणि हवेची जोडी ३३ च्या जरा वर. म्हणजे सहा महिन्यांत फरक पाऊण पॉइंटच्या आत. एका गाडीच्या चार टायरांवरून सिद्धांत मांडू नये हे मला कळते. पण अमेरिकेतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहक संस्थेने २००६-०७ मध्ये ३१ प्रकारच्या टायरांच्या जोड्या ३० पॉइंट भरून वर्षभर बाहेर ठेवल्या होत्या, तेव्हा हवेचे टायर सरासरी ३.५ पॉइंट उतरले आणि नायट्रोजनचे २.२. माझा आकडा त्याच वाटेवरचा आहे. रबरातून ऑक्सिजन नायट्रोजनपेक्षा लवकर झिरपतो हे खरे, त्यामुळे नायट्रोजनचा टायर हळू उतरतो हेही खरे. प्रश्न एवढाच की वर्षाला सव्वा पॉइंट वाचवण्यासाठी काय मोजायचे. (व्हॉल्व्ह गळका असेल किंवा खिळा घुसला असेल, तर दोन्ही वायू सारख्याच इमानदारीने निघून जातात.)

मायलेजचा हिशेब करायला फार वेळ लागत नाही. चारही टायरांचा दाब एक पॉइंट कमी झाला तर इंधन सुमारे ०.२ टक्के जास्त लागते, असे अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचे मोजमाप आहे. माझी गाडी वर्षाला १२,००० किलोमीटर धावते आणि लिटरला १५ किलोमीटर देते, म्हणजे ८०० लिटर पेट्रोल. वर्षभर टायरांकडे ढुंकूनही पाहिले नाही, तरी सव्वा पॉइंटचा फरक वर्षअखेरीस पडणार, त्यामुळे सरासरीने बचत होते सुमारे एक लिटरची. चार टायरांच्या नायट्रोजनला २०० रुपये दिले, तर पेट्रोलमध्ये त्यातले निम्मे परत मिळतात, आणि महिन्याला हवा तपासणाऱ्याला तेही मिळत नाहीत.

टायर फुटण्याचा मुद्दा मात्र गंभीर आहे, कारण समृद्धी महामार्ग सुरू झाल्यापासून नायट्रोजनची जाहिरात प्रामुख्याने त्याच भीतीवर चालते. ७०१ किलोमीटरचा सिमेंटचा रस्ता, मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आणि विदर्भातला मे महिना. भीती निराधार नाही. एप्रिलमध्येच मी नाशिकहून नागपूरला गेलो. निघताना चारही टायर ३३ वर आणले होते आणि जालन्याच्या पुढे भर दुपारी थांबून लगेच गेज लावले. चारही ३८ च्या आसपास होते. नायट्रोजनचा कोणता आणि हवेचा कोणता हे आकड्यावरून ओळखता आले नसते. तापलेल्या टायरात पाच पॉइंट वाढणे अपेक्षितच असते आणि चांगला टायर ते सहज सोसतो. टायर फुटतो तो मुख्यतः दाब कमी असल्यामुळे: बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, वाकण्याने तापते आणि तापून तिचे थर सुटतात. म्हणूनच ‘उन्हाळा आहे, दोन पॉइंट कमीच ठेवा’ हा सल्ला, जो पंक्चरवाल्यापासून नातेवाइकांपर्यंत सगळे प्रेमाने देतात, तो नेमका उलटा आहे. त्याखालोखाल दोष जुन्या रबराचा आणि जादा ओझ्याचा. टायरच्या भिंतीवरचे शेवटचे चार आकडे, उदाहरणार्थ २३१९, म्हणजे टायर २०१९ मधल्या तेविसाव्या आठवड्यात बनला. असा टायर कितीही जाड नक्षीचा दिसला तरी त्यात नायट्रोजन भरून तो तरुण होत नाही.

विमानांचे उदाहरण दुकानदार हमखास देतात आणि ते चुकीचे नाही, फक्त गैरलागू आहे. ३१ मार्च १९८६ रोजी मेक्सिकाना कंपनीचे बोइंग ७२७ कोसळून त्यातील सर्व १६७ जण गेले. अडकलेल्या ब्रेकने तापलेला टायर हवेत फुटला होता आणि त्यात नायट्रोजनऐवजी साधी हवा होती. त्यानंतर अमेरिकेच्या विमान नियामकाने मोठ्या विमानांच्या चाकांत ऑक्सिजन ५ टक्क्यांच्या वर नसावा असा दंडक घातला. तिथे टायर आणि ब्रेक इतके तापतात की आतल्या रबराची वाफ ऑक्सिजनबरोबर पेटू शकते. नाशिक-नागपूर प्रवासात कुटुंबाची हॅचबॅक त्या तापमानाच्या जवळपासही जात नाही. ऑक्सिजनने रबर आतून जुने होते हेही रसायन म्हणून बरोबर, आणि ज्यांचे टायर पुन्हा पुन्हा रिमोल्ड होतात, म्हणजे झिजल्यावर त्यांवर नवे रबर चढते, त्या ट्रकमालकांनी त्याचा विचार जरूर करावा. आपल्या गाडीचे टायर त्याआधीच झिजतात किंवा उन्हाने बाहेरून तडकतात.

आता तक्रारीचे. त्याच प्रवासाला निघण्याआधी महामार्गालगतच्या एका पंपावर मी नायट्रोजनच्या दोन टायरांचा दाब ठीक करून घेतला. यंत्रावर शुद्धतेचा आकडा दाखवणारी खिडकी बंद होती. पंपावरच्या मुलाने प्रत्येक टायरला वीस सेकंद नळी लावली आणि ४० रुपये घेतले. शेजारच्या गाडीत साधी हवा आहे हे माहीत असूनही तिच्यावर तीन पॉइंट नायट्रोजन चढवला आणि हिरव्या टोप्या बसवल्या. त्या टायरात पूर्वीचीच हवा असल्याने गाडीमालकाला टोप्या तेवढ्या नव्या मिळाल्या. माझ्या गेजवर एक टायर ३५ आणि दुसरा साडेएकतीस निघाला. यंत्र जुळवलेले नव्हते, आणि ते निदर्शनास आणून दिल्यावर ‘मशीन बरोबर आहे’ एवढेच उत्तर मिळाले. शेवटी रस्त्याच्या कडेला मीच एकातून सोडून आणि दुसऱ्यात माझ्या छोट्या कॉम्प्रेसरने भरून दाब सारखे केले. अर्थात तो कॉम्प्रेसर साध्या हवेचाच.

माझे मत असे: नवे टायर घेताना दुकानदार दोनदा रिकामे करून फुकट किंवा पन्नास रुपयांत चारही भरून देत असेल तर घ्यावे, नुकसान काहीच नाही. टॉपअपसाठी मात्र नायट्रोजनचा हट्ट धरू नये, कारण जवळच्या पंपावर तो नाही म्हणून लोक महिनाभर उतरलेल्या टायरांवर हिंडतात, आणि दोन्ही वायू एकमेकांत मिसळल्याने काहीही बिघडत नाही. पंपावर हवा फुकट देणे बंधनकारक आहे, तिचा हक्काने उपयोग करावा. जे पैसे वाचतील त्यांत बऱ्यापैकी गेज येते. माझे ६०० रुपयांचे आहे.

हिरव्या टोप्या अजून त्या दोन चाकांवर आहेत. परवा घराजवळच्या पंपावर हवा तपासायला थांबलो, तेव्हा पोराने टोपी काढून हातातच धरली आणि विचारले, “साहेब, यात नायट्रोजन आहे. साधी भरू का?”

“भर. तेहतीस.”