सेयर्स यांचा संग्रह की एलरी क्वीन यांचा?

जुन्या इंग्रजी रहस्यकथांचा जाडजूड संग्रह वाचायचा असेल, तर ब्रिटिश रहस्यकथालेखिका डोरोथी सेयर्स यांनी निवडलेला १९२८चा घ्यावा की एलरी क्वीन यांनी निवडलेला १९४१चा? सेयर्स यांची प्रस्तावनाच पैसे वसूल करते. गुन्हेकथेची मुळं त्या थेट प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटसपर्यंत शोधत जातात. शिवाय पुस्तकाचा मोठा भाग भयकथांचा, रात्री एकट्यानं वाचताना अंगावर काटा आणणारा. क्वीन हे दोन लेखकांचं टोपणनाव. पहिली गुप्तहेरकथा मानली जाणाऱ्या, १८४१मधल्या एडगर ॲलन पोच्या कथेपासून ते या कथाप्रकाराची शंभर वर्षं मोजतात. स्त्री गुप्तहेरांना वेगळा विभाग, चोरांनाही वेगळा. मांडणी नक्कीच क्वीन यांची सरस. तरी पहिल्यांदाच वाचणाऱ्यानं सेयर्स घ्यावं, विविधतेसाठी. मात्र दिवसाला दोनच कथा. जास्त वाचल्या की उलगडे एकमेकांत मिसळतात.