हाऊसकीपिंगच्या माणसांसाठी घेतलेलं चेक-इन ॲप: एक पावसाळा आणि एक दिवाळी काढल्यानंतरचा अनुभव

ज्यांना फक्त निकाल हवाय त्यांच्यासाठी आधीच सांगते. साइटवर एकट्या असलेल्या माणसाची ठरावीक वेळाने खबर घेणारं हे ॲप घेण्यासारखं आहे, पण डेमोत दाखवतात त्या लाल एसओएस बटणाकडे, म्हणजे संकटात मदत मागायच्या बटणाकडे, बघून घेऊ नका. आमच्या कामी आला तो साधा टायमर, आणि तोही त्यामागे उठून जाणारी माणसं होती म्हणून.

माझा नाशिकमध्ये हाऊसकीपिंगचा छोटा व्यवसाय आहे. पंचविसेक माणसं, त्यात बहुतेक मावशी. सातपूर-अंबडच्या कारखान्यांची ऑफिसं, कॉलेज रोडचे दवाखाने आणि गंगापूर रोड, पाथर्डी फाटा भागातल्या नव्या स्कीममधले पझेशनआधीचे रिकामे फ्लॅट अशी कामं आहेत. या धंद्याची गोची अशी की मोठं काम सोडलं तर साइटवर माणूस एकटाच असतो. दवाखाना उघडायच्या आधी सकाळी सातला एक मावशी आत. ऑफिस सुटल्यावर संध्याकाळी एक. किल्ली त्यांच्याकडेच, त्यामुळे मधल्या वेळात कोणी डोकावण्याचा प्रश्नच येत नाही. पाय घसरून कोणी पडलं तर दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडेपर्यंत पत्ता लागणार नाही, ही धास्ती मला कायम असायची.

ॲपच्या आधी व्हॉट्सॲपचा ग्रुप होता. ‘आले’, ‘निघाले’ असे मेसेज, सोबत लाइव्ह लोकेशन. ते जास्तीत जास्त आठ तास चालतं आणि बॅटरी खातं, पण खरी अडचण ती नव्हती. ग्रुपवर मेसेज आला की कळतं. मेसेज आला नाही हे कोणालाच कळत नाही. वीस-पंचवीस माणसांच्या ‘निघाले’मध्ये एक ‘निघाले’ कमी आहे, हे रात्री साडेनऊला पोळ्या लाटताना कोण मोजणार?

ॲप नेमकं तेच मोजतं. नाव देत नाही, कारण बाजारातली बहुतेक ॲप्स याच धर्तीवर चालतात. साइटवर पोहोचलं की दारामागे चिकटवलेला क्यूआर कोड स्कॅन करायचा. तिथून टायमर सुरू. ठरलेल्या वेळेने फोन वाजतो, हिरवं बटण दाबायचं. दाबलं नाही तर पाच मिनिटांनी पुन्हा वाजतो. तरी नाही, तर सुपरवायझरला फोन येतो. मेसेज नाही, फोन. त्याने उचलून १ दाबला तर ‘मी बघतोय’ अशी नोंद होते. नाही दाबला तर मला, आणि मीही नाही उचलला तर माझ्या दिरांना. काम संपलं की पुन्हा कोड स्कॅन.

घेण्याआधी एक परीक्षा जरूर करा. चेक-इन करून फोन सरळ बंद करा आणि बघा, अलार्म जातो का. काही स्वस्त ॲप्समध्ये टायमर फोनमध्येच चालतो. फोनची बॅटरी संपली, पाण्यात पडला किंवा कोणी हिसकावला, की टायमरही मेला आणि सगळं छान शांत. टायमर कंपनीच्या सर्व्हरवर चालायला हवा, म्हणजे फोन गप्प झाला हीच खबर ठरते. अंबडला एका ऑफिसचं बेसमेंट आहे, तिथे रेंज शून्य. सर्व्हरवरच्या टायमरमुळे तिथे फुकटचे अलार्म यायचे खरे, पण त्यावर उपाय सोपा निघाला: बेसमेंटमध्ये एका वेळी पाऊण तासच काम करायचं, वर येऊन बटण दाबायचं, मग पुन्हा खाली.

आता प्रत्यक्ष प्रसंग.

पावसाळ्यात गंगापूर रोडच्या एका नव्या बिल्डिंगमध्ये सातव्या मजल्यावर एक मावशी पझेशनची सफाई करत होत्या. आजूबाजूच्या फ्लॅटना कुलपं. मास्टर बेडरूमच्या बाथरूममध्ये टाइल्सवरचं सिमेंट खरवडायला बसल्या आणि वाऱ्याने दार आपटलं. पावसाने फुगलेलं नवं दार. आतून हँडल फिरतंय, पण जीभ काही मागे सरकत नाही. बाथरूमला उघडायची खिडकी नाही, फक्त वर एक्झॉस्टचं भोक. फोन कुठे? ओट्यावर, पिशवीत, डब्याखाली.

फोन वाजत राहिला, त्यांना ऐकूही येत होता. मग सुपरवायझरला फोन गेला. तो पाथर्डी फाट्याला. तिथून दुपारच्या गर्दीत मुंबई नाका ओलांडून गंगापूर रोड गाठायचा म्हणजे झालंच. पण ॲपमध्ये प्रत्येक साइटचं एक पान असतं. या साइटच्या पानावर लिहिलं होतं: बी विंग, सातवा मजला, लिफ्टमधून बाहेर आल्यावर डावीकडे, गेटवरच्या वॉचमनचा नंबर, दुसरी किल्ली बिल्डरच्या साइट ऑफिसात. सुपरवायझरने तिथूनच वॉचमनला लावला. वॉचमन साइटवरच्या सुताराला घेऊन वर गेला, त्याने पेचकस घालून जीभ मागे सारली. मावशी घामाने निथळत बाहेर आल्या आणि पहिलं वाक्य काय, तर “ह्या बाथरूमचं राहिलंच की अजून.”

त्या दिवशी एसओएस बटणाचा उपयोग काहीच नव्हता, कारण ते ओट्यावर होतं. जीपीएसचा ठिपका शेजारच्या बिल्डिंगवर पडला होता, आणि जीपीएस मजला सांगत नाही. कामी आली ती त्या पानावरची चार वाक्यं. म्हणून सांगते, ॲप घेतल्यावर पहिले काही आठवडे ही पानं भरण्यात घाला. किल्ली कोणाकडे, मेन स्विच कुठे, जवळ कोणाला हाक मारता येईल, रात्री गेट कोण उघडतं. हे काम कंटाळवाणं आहे आणि कंपनीचा माणूस ते करून देत नाही.

या प्रकारानंतर फोन अंगावरच ठेवायचा नियम केला, पण साडीला खिसा नसतो. आम्ही शिवणाऱ्या बाईंकडून ॲप्रनला आतून चेनचा खिसा लावून घेतला, तेवढ्याने निम्मा प्रश्न सुटला. कंपनीचं गळ्यात घालायचं ब्लूटूथ बटणही काही जणींना दिलं. ते फोन जवळ असेल तरच चालतं. फ्लॅटमध्ये ठीक, पण एक मजला वर-खाली झालं की संपलं. शिवाय लादी पुसायला वाकलं की बादलीच्या कडेवर दाबलं जायचं. शेवटी ती बटणं ड्रॉवरमध्ये गेली. पडल्याचं आपोआप ओळखणारं सेन्सरही बंद केलं. आमच्या कामात माणूस दर दोन मिनिटांनी खाली बसतो, वाकतो, उठतो. बिचाऱ्या सेन्सरने तरी काय समजायचं!

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस मात्र ॲपने नाकी नऊ आणले. सगळ्यांकडे कामाचा डोंगर, हातात ग्लोव्हज, बोटं साबणाने ओली. फोन वाजतो, हात पुसून बटण दाबेपर्यंत वेळ निघून जाते, की सुपरवायझरला फोन. दिवसभर हेच चाललं की माणूस न बघताच १ दाबायला लागतो, आणि धोका तिथेच आहे. लांडगा आला रे आला व्हायला वेळ लागत नाही. मग सगळ्यांना एकच टायमर ही सोय मोडीत काढली. रिकाम्या फ्लॅटला पाऊण तास. रात्रीच्या ऑफिसला एक तास. दवाखान्यात रिसेप्शनिस्ट आल्यानंतर टायमर बंदच, कारण मग मावशी एकट्या नसतात. फोन वाजायच्या आधी दहा मिनिटं कधीही बटण दाबलं तरी चालेल, अशी एक सेटिंग आहे. ती चालू केल्यावर फुकटचे अलार्म एकदम कमी झाले. ही सेटिंग मुळात बंद का ठेवतात, देव जाणे.

फोनचाही एक भाग आहे. स्वस्त अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवायला मागे चालणारी ॲप्स झोपवून टाकतात. मग आठवणीचा आवाजच होत नाही, आणि थेट सुपरवायझरला अलार्म. प्रत्येकीच्या फोनमध्ये जाऊन बॅटरीच्या सेटिंगमध्ये या ॲपला सूट द्यावी लागली. फोनचा अपडेट आला की ती कधीकधी पुन्हा जाते.

ज्यांच्याकडे बटणाचा फोन आहे त्यांच्यासाठी कंपनीने मिस्ड कॉलची सोय दिली आहे, आणि मला विचाराल तर अख्ख्या ॲपमधली ही सर्वांत चांगली गोष्ट आहे. ठरलेल्या नंबरावर मिस्ड कॉल दिला की चेक-इन झालं. वाचता येण्याचा प्रश्न नाही, डेटा लागत नाही. आमच्यातल्या सगळ्यात वयस्क मावशी एकही चेक-इन चुकवत नाहीत.

लोकांनी हे सुरुवातीला सहज स्वीकारलं असं नाही. “मॅडम, मी चहाला खाली गेले तरी तुम्हाला दिसणार का?” हा पहिला प्रश्न. दुसरा, पगार कापणार का. आम्ही सगळ्यांसमोर ठरवलं: ठिकाण फक्त ड्युटीपुरतं, काम संपल्याचा कोड स्कॅन केला की बंद, आणि या नोंदीवरून कोणाचा एक रुपया कापायचा नाही. हजेरीचं रजिस्टर वेगळंच ठेवलं. ॲपवाल्यांचा सेल्समन हजेरी आणि पगारही यातच घ्या म्हणून मागे लागला होता. घेऊ नका. पगार जोडला की माणसं टायमरला फसवायला शिकतात, आणि मग तो संकटातही फसतो.

एक प्रसंग वेगळाच. एका मावशींच्या नवऱ्याचा फोन आला, “ती कुठंय ते तुमच्या मोबाइलवर दिसतं म्हणे, मला पण पाठवा.” ड्युटीवर आहेत, सुखरूप आहेत, एवढंच सांगितलं. तो जरा तणतणला. लोकेशनची लिंक कोणालाही पाठवायची सोय पॅनलवर होती, ती मी त्याच दिवशी सुपरवायझरच्या लॉगिनमधून काढून टाकली. बाईला सांभाळायला घेतलेली वस्तू तिच्यावर पाळत ठेवायला वापरली जाऊ शकते, हे डेमोत कोणी बोलत नाही.

ग्राहकाच्या घरी काम करताना जी भीती असते तिलाही लाल बटण पुरत नाही. माणूस नुसता जवळ येऊन उभा राहतो, नको ते बोलतो. तेवढ्यावर कोणी सायरन वाजवत नाही. त्यासाठी आमचं एक वाक्य ठरलंय, ते इथे लिहीत नाही. फिनाइल-झाडूच्या गोष्टीसारखं वाटतं. ते फोनवर ऐकलं की सुपरवायझर “लगेच खाली या, दुसऱ्या साइटवर अर्जंट आहे” म्हणतो आणि मावशी पिशवी उचलून निघतात. त्या घराचं काम पुढे बंद. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात कामानिमित्त जावं लागतं ती जागाही कामाचीच जागा धरली आहे, आणि दहा किंवा जास्त माणसं असतील तर तक्रार समिती नेमावीच लागते, हेही आमच्यासारख्या छोट्या व्यवसायांनी लक्षात ठेवावं.

आणखी एक. आमचं एसओएस ११२ ला जात नाही, आम्हालाच येतं. म्हणून सगळ्यांना पाठ करून घेतलंय: जिवावर बेतलं तर आधी ११२, अपघाताला १०८, मग आम्ही.

आणि काही कामं एकट्याने करायचीच नाहीत, मग ॲप असो वा नसो. टाकीत उतरणं, उंचावरच्या काचा, बंद बाथरूममध्ये ॲसिड वॉश. ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र आलं की क्लोरीन सुटतो; अशा वेळी पाऊण तासाने वाजणारा टायमर काय कामाचा? टाकीला एक जण आत तर दुसरा तोंडाशी, आणि आतला कोसळला तरी बाहेरच्याने मागोमाग उडी मारायची नाही, हे दर वेळी बजावावं लागतं. सेप्टिक टँकची कामं आम्ही घेतच नाही.

घरी पोहोचण्याचा चेक-इन आम्ही नंतर सुरू केला. रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती, सुरक्षा आणि घरापर्यंत सोडण्याची सोय हवी, असं राज्याचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा सांगतो. आम्ही मावशींना साडेनऊच्या आतच सोडतो. पण थंडीत सकाळी साडेसहाला अंधारात निघणारी मावशीही असतेच, आणि गंगापूर रोडला बिबट्या दिसल्याची बातमी आली की तिची मुलगी मला फोन करते. आता निघतानाच मिस्ड कॉल, पोहोचल्यावर दुसरा. त्या दिवसांत सुपरवायझर स्वतः गाडीवरून सोडतो.

तक्रारी थोडक्यात. कस्टमर केअर संध्याकाळी सातला बंद होतं, म्हणजे आमची खरी वेळ सुरू होते तेव्हा. एका रात्री सर्व्हर बसला आणि कंपनीने सकाळपर्यंत कळवलंही नाही. आमच्या सुपरवायझरला बराच वेळ एकही फोन नाही म्हणून शंका आली, नाहीतर कळलंही नसतं. तेव्हापासून वहीत साइट, नाव आणि सुटायची वेळ लिहिलेली असते, आणि रात्री दहाला सुपरवायझर वहीशी ताळा करतो. ॲपमधलं मराठी भाषांतर असं की ‘चेक-आउट’ला ‘तपासून बाहेर’ लिहिलंय. सगळ्या रंग बघून बटण दाबतात.

खर्च माणशी महिन्याला एका मॉपच्या किमतीइतका पडतो. पैसे वर्षाचे एकदम मागतात, सूट देतात. मी या वेळी महिन्याच्या हिशोबानेच घेणार आहे, सर्व्हर पुन्हा बसला तर सोडता यावं म्हणून.

माझा कंपनीशी सध्या वाद चाललाय तो २०२७ च्या सिंहस्थावरून. पंचवटी आणि त्र्यंबक रोडच्या लॉजवाल्यांची विचारणा आत्तापासून सुरू आहे. तेव्हा रोजंदारीवर नवी माणसं घ्यावी लागतील, चार-आठ दिवसांपुरती, आणि ती तर नाशिकचे रस्तेही न ओळखणारी असतील. कंपनीचं लायसन्स मात्र माणशी किमान महिन्याचं. शिवाय पर्वणीच्या गर्दीत मोबाइल डेटा आधी आडवा पडतो, म्हणून मिस्ड कॉलच्या जादा लाइन मागितल्यात. दिवसाच्या दराबद्दल त्यांनी लेखी कळवलं की इथेच टाकते.